खराट्याचा मान

चमचा तोंडापाशी नेता नेता नेस्तोरी थांबला. बाहेर स्की थांबल्या होत्या.

नदीच्या बाजूनं त्यांची घसर बराच वेळ ऐकू येत होती. येणारा म्हातारा असावा. दर वीसेक पावलांवर दम खात होता. मग अंगणात बर्फात काठ्या रोवल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ खोकला आला. कोरडा, दोन टप्प्यांचा, दुसरा टप्पा पहिल्यापेक्षा मोठा. हा खोकला नेस्तोरीनं अकरा वर्षांत ऐकला नव्हता, पण तो कोणाचा हे कळायला त्याला एक क्षणही लागला नाही. तूरे आला होता.

नेस्तोरीनं चमचा खाली ठेवला नाही. ठेवला असता तर वाडग्यावर वाजला असता. रेनडिअरच्या मांसाचं सूप थेंब थेंब त्याच्या विजारीवर गळत राहिलं आणि तो ते गळू देत बसला.

दाराला बाहेरून खराटा टेकवलेला होता. इकडे दारांना कुलपं नसतात. घरातून निघताना माणूस भूर्जाच्या काटक्यांचा खराटा दाराला टेकवून जातो. खराटा दिसला की घरात कोणी नाही असं समजायचं आणि आल्या पावली परत फिरायचं. हाक मारायची नाही, खिडकीतून डोकावायचं तर नाहीच. खराटा खोटं बोलत नाही, असं सगळे धरून चालतात. एवढ्या मोठ्या रानात एवढ्या थोड्या माणसांना दुसरं काही धरून चालता येत नाही.

नेस्तोरीचा खराटा खोटं बोलत होता. तो बाहेर जाऊन खराटा टेकवायचा, घराला वळसा घालायचा आणि लाकडं रचायच्या कोठीतून आत यायचा. पंधरा दिवसांतून एकदा टपाल घेऊन साइमी यायची तेवढा शुक्रवार सोडला, तर रोज. साइमीशिवाय त्या घरी कोणी येतच नव्हतं. म्हणजे अकरा वर्षं तो फक्त एका माणसासाठी खराटा लावत होता, आणि तो माणूस एकदाही आला नव्हता.

आज आला होता.

ही युक्ती मुळात तूरेचीच. नदीच्या खालच्या अंगाला, चौदा किलोमीटरवर त्याचं घर. एका हिवाळ्यात तापानं तो किती दिवस पडून होता त्याचा हिशेब त्याचा त्यालाच लागला नाही. उठला तो दिवस त्यानं रविवार ठरवला. साइमीच्या बापानं, तेव्हा टपाल तो आणायचा, त्याला सांगून पाहिलं की बाबा रे, आज गुरुवार आहे. तूरे म्हणाला, तुमचा रविवार तुम्हाला लखलाभ, माझा मला. तेव्हापासून दर गुरुवारी तूरे दाढी करायचा, धुतलेला सदरा घालायचा, दाराला बाहेरून खराटा लावून खिडकीतून आत शिरायचा आणि कोणालाही भेटायचा नाही. लोक हसले आणि सोडून दिलं. एकट्या राहणाऱ्या माणसाचं काहीतरी असतंच. नेस्तोरी स्वतः रोज सकाळी अंगणातला बर्फ मोजून आकडा पेन्सिलीनं भिंतीवर लिहायचा. चार भिंती भरल्यावर तो आता छतावर लिहीत होता.

अकरा वर्षांपूर्वी, टपालाचा वार अजून ठरलेला नव्हता तेव्हा, एका गुरुवारी नेस्तोरीला पत्र आलं की त्याचा भाऊ गेला. एकच भाऊ होता. पत्र वाचून त्यानं ते घडी घालून खिशात ठेवलं, स्की बांधल्या आणि चौदा किलोमीटर तोडून तो तूरेकडे गेला. त्याला काही बोलायचं नव्हतं. नुसतं कोणाच्या तरी समोर बसून कॉफी प्यायची होती. तूरेच्या दाराला खराटा होता आणि धुराड्यातून धूर निघत होता. आत तूरे इकडून तिकडे चालत होता, फळ्या करकरत होत्या. नेस्तोरी तिथे उभा राहिला. किती वेळ ते त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही. मग तो परत आला आणि त्यानं आपल्यासाठी एक नवा खराटा बांधला.

आता बाहेर तूरे उभा होता. भिंतीवरच्या घड्याळात नेस्तोरीनं पाहिलं, बारा वाजून वीस मिनिटं. पुन्हा खोकला आला. स्की एकदा जागच्या जागी हलल्या, थंडीत पाय बदलतात तशा. बारा वाजून एकोणतीस मिनिटांनी काठ्या बर्फातून उपटल्याचा आवाज झाला. नेस्तोरी उठला, खिडकीवरचं दहिवर नखानं खरवडून त्यानं एका डोळ्याएवढी जागा केली. राखाडी कोटाची पाठ नदीच्या दिशेनं उतरत होती. पाठीवर पोतं होतं. हातातल्या दोन काठ्यांपैकी एक दुसरीपेक्षा चांगली वीतभर लांब. स्वतः केलेल्या असणार.

‘‘कसं वाटतं आता?’’ नेस्तोरी त्या पाठीला म्हणाला, काचेच्या आतून.

त्याला जिंकल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं, खोटं कशाला सांगा. मग तो येऊन सुपापुढे बसला. ते गार झालं होतं आणि वर चरबी धरली होती. त्यानं ते कोठीतल्या बादलीत ओतलं.

तूरे कशासाठी आला होता हे त्याला ठाऊक होतं. कारण तशाच कामासाठी त्यालाही तूरेकडे जावं लागणार होतं, आणि पंधरा दिवस तो ते उद्यावर ढकलत होता. फळीवर कॉफीच्या डब्याखाली पंचायतीचा कागद होता. आधीच्या शरदात वरच्या डोंगराकडे एक म्हातारा मरून पडला तो थेट वसंतात सापडला. वर्तमानपत्रांनी आरडाओरडा केला आणि पंचायतीला जाग आली. आता सत्तरीच्या वरच्या प्रत्येक एकट्या माणसानं कागदावर एका शेजाऱ्याचं नाव लिहून त्याची सही घ्यायची होती, आठवड्यातून एकदा येऊन बघून जाईन अशी. सही नसली तर चर्चच्या गावातल्या वृद्धाश्रमात खाट. तिथे एका खोलीत तिघं असतात आणि खिडक्या उघडत नाहीत, असं नेस्तोरीनं ऐकलं होतं. नेस्तोरीला शेजारी एकच होता. तूरेलाही एकच.

‘‘येईल परत,’’ नेस्तोरी चुलीला म्हणाला. ‘‘गरज त्यालाही आहे. दोन खेपा घालू दे.’’

संध्याकाळी रेडिओ म्हणाला, उत्तर लॅपलँडमध्ये पारा उणे अडतीसपर्यंत उतरेल. एरवी नेस्तोरी रेडिओवरच्या हवामानवाल्याशी भांडायचा, तुला हेलसिंकीत बसून काय कळतं असं म्हणून त्याला गप्प करायचा. त्या दिवशी तो भांडला नाही. आदल्या शनिवारी जाळी बघायला गेला तेव्हा नदी जिथे वळते त्या कोपरावर त्याला पाणी दिसलं होतं. ताज्या बर्फाच्या ओझ्यानं नदीवरचा गोठलेला थर दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि भुसभुशीत बर्फाखाली लपून राहतं. वरून काही कळत नाही. पाय आत गेला की घोट्यापर्यंत भिजतो, आणि अशा थंडीत भिजलेला पाय घेऊन माणूस फार लांब जात नाही. पण तूरे त्याच वाटेनं आला होता. त्यानं पाणी टाळलंच असणार, म्हणजे जातानाही टाळेल. नेस्तोरीनं हे स्वतःला तीनदा सांगितलं.

मंगळवारी बर्फ पडला. बुधवारी त्यानं सतरा सेंटिमीटर असा आकडा छतावर लिहिला आणि दुपारी नीट मोजलं नसेल म्हणून पुन्हा मोजायला गेला. दारासमोर तूरे उभा होता ती तुडवलेली जागा नव्या बर्फाखाली गेली होती. नेस्तोरीनं खराटा हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि परत होता तिथेच टेकवला. गुरुवारी त्याला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी साइमी आली. दोन वर्षांपूर्वी तिला टपालखात्यानं बर्फावरची मोटार दिली होती. तिच्या आवाजानं टेकडीपल्याडचे पक्षी उडायचे, ही नेस्तोरीची कायमची तक्रार. पंचेचाळिशीची, आडव्या बांध्याची बाई, गाल थंडीनं भाजून तांबडे झालेले. नेस्तोरी तिला ती सात वर्षांची असल्यापासून ओळखत होता आणि अजून पोरी म्हणायचा.

‘‘कॉफी ठेवा काका,’’ ती टोपी काढत म्हणाली. ‘‘आणि तो कागद द्या. आज गोळा करायचाय.’’

‘‘बस तरी पोरी. आल्या आल्या कागद काय मागतेस.’’

‘‘म्हणजे भरला नाही.’’

‘‘भरतो.’’

‘‘तुम्ही मेल्यावर मीच भरायचा का? आज शेवटची तारीख. दोघंही तसलेच. चौदा किलोमीटरवर एकमेकांशिवाय कुत्रं नाही ओळखीचं, आणि बोलायचं म्हणाल तर तोंडाला टाके.’’ तिनं साखरेचा खडा दातांत धरला, कॉफी बशीत ओतली आणि फुंकर घालता घालता थांबली. ‘‘तूरेकाका घरी नाहीत.’’

नेस्तोरी किटली पुसत होता.

‘‘दाराला खराटा आहे,’’ साइमी म्हणाली. ‘‘आज शुक्रवार, त्यांचा रविवार काल झाला. मागच्या खेपेला म्हणाले होते, छातीचं औषध विसरू नकोस, मी वाट बघतो. औषध घेऊन गेले तर हे. पायरीवर बर्फ तसाच पडलेला, एक पाऊल नाही. धुराडं गार.’’

‘‘आत बघितलंस?’’

‘‘खराटा होता ना.’’ तिनं बशी खाली ठेवली. ‘‘पंधरा मिनिटं उभी होते. हात कडीपर्यंत नेला आणि मागे घेतला. माझ्या बापानं हजार वेळा सांगितलंय, खराटा असला तर घर तुझ्यासाठी नाही. इकडे आले होते का ते?’’

‘‘मी कोणाचं तोंड पाहिलं नाही,’’ नेस्तोरी म्हणाला.

हे अगदी खरं होतं. त्यानं पाठ पाहिली होती. तो किटली पुसत राहिला. ती केव्हाच कोरडी झाली होती. साइमीनं टोपी उचलली. परत गावात जाऊन माणसं गोळा करावी लागतील म्हणाली, अंधार पडायच्या आत तर काही ती यायची नाहीत. हातमोजे चढवून ती दारापर्यंत पोचली तेव्हा नेस्तोरी म्हणाला, ‘‘नदीनं बघू.’’

‘‘नदीनं कशाला? त्यांना कुठे जायचं असलं तर दलदलीवरची वाट जवळची.’’

‘‘वाटेत टेकडी आहे. त्याचे गुडघे दुखतात.’’

साइमी वळली. ‘‘अकरा वर्षं ज्यांचं तोंड बघितलं नाही त्यांचे गुडघे तुम्हाला ठाऊक?’’

‘‘तेव्हाही दुखत होते,’’ नेस्तोरी म्हणाला आणि कोट शोधू लागला. कोट नेहमीच्या खुंटीवरच होता, तरी त्याला सापडायला वेळ लागला.

तो जन्मात पहिल्यांदा त्या मोटारीवर बसला. मागे टपालाची स्लेज बांधली होती. तिच्यावर साइमीनं त्याच्या घरातली रेनडिअरची दोन कातडी, कुऱ्हाड आणि गरम कॉफीचा थर्मास टाकला. एरवी तिनं एवढ्यावर चार टोमणे मारले असते. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी तिचा कोट पाठीमागून घट्ट धरला होता आणि तो सारखा तिच्या कानात ओरडत होता, डावीकडे, डावीकडे, काठ धर. हे का, ते तिनं विचारलं नाही. नदी पांढरी आणि सपाट होती, दिवसाचा उजेड दोन-तीन तासांचाच, आणि त्यातलाही निम्मा सरला होता.

कोपरावर त्यानं तिला थांबवलं. बर्फाच्या पांढऱ्या पट्ट्यात एक जागा करडी दिसत होती, वर बर्फाची कच्ची साय. तिच्यातून स्कीचा तुकडा वर आला होता, पुढचा, वळलेला. बाजूला बर्फात आडवी पडलेली काठी अर्धी झाकली गेली होती. ती लांबडी काठी होती.

साइमी म्हणाली, ‘‘देवा.’’ मग म्हणाली, ‘‘ही जागा तुम्हाला माहीत होती?’’

‘‘शनिवारी पाहिली होती.’’

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या भुवयांवर दहिवर जमलं होतं आणि खालचे डोळे पाझरत होते, पण एवढ्या थंडीत वाऱ्यावर कोणाचेही पाझरतात. ती पुन्हा मोटारीवर बसली.

कोपरापासून दोन किलोमीटरवर, उजव्या काठाला, रानातली रिकामी झोपडी आहे. ती कोणाचीच नाही. वाट चुकलेल्यानं, वादळात सापडलेल्यानं तिथे शिरावं, रचलेली लाकडं जाळावी आणि निघताना पुढच्यासाठी तेवढीच फोडून ठेवावी. झोपडीच्या धुराड्यातून धूर येत होता. अगदी पातळ, सरळ. नेस्तोरी मोटार थांबायच्या आधीच उतरला, कमरेपर्यंत बर्फात गेला, आणि तसाच हातांनी बर्फ ओढत दारापर्यंत पोचला. त्या दाराला खराटा नव्हता.

तूरे चुलीसमोर जमिनीवर बसला होता, कोट आणि पोतं गुंडाळून. झोपडीतली लाकडं संपली होती. बाकाच्या फळ्या, टेबलाचे दोन पाय आणि फडताळाचं दार, सगळं चुलीत गेलं होतं. आता हातात टेबलाचा तिसरा पाय होता आणि तो छोट्या सुरीनं त्याच्या ढलप्या काढत होता. त्याचं तोंड सुकून लहान झालं होतं. पाय सदऱ्याच्या फाडलेल्या पट्ट्यांत बांधले होते, आणि त्या पट्ट्यांकडे बघायला नको होतं.

‘‘दार लाव,’’ तूरे म्हणाला. ‘‘ऊब जाते.’’

साइमी त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली. तिनं थर्मास उघडला, त्याच्या ओठाला लावला, औषधाचे थेंब मोजून कॉफीतच टाकले. मग पट्ट्या एका बाजूनं सोडून पाहिल्या आणि पुन्हा तशाच बांधल्या. नेस्तोरी दारात उभा होता. त्याचा एक हातमोजा बर्फात हरवला होता आणि त्याला ते कळलं नव्हतं.

‘‘किती दिवस झाले?’’ साइमीनं विचारलं.

‘‘सोमवार दुपारपासून. तुमचा सोमवार. पहिले दोन दिवस पाय दुखत होते, ते बरं होतं. आता दुखत नाहीत.’’ त्यानं नेस्तोरीकडे पाहिलं, अकरा वर्षांनी, आणि पहिलं वाक्य बोलला. ‘‘तुझ्यासाठी धुरावलेला मासा आणला होता. तुझ्या दारातून तसाच परत आणला आणि मीच खाल्ला.’’

‘‘बरं केलंस,’’ नेस्तोरी म्हणाला.

‘‘खारट झाला होता तसा.’’

‘‘अहो, पण सोमवारी तुम्ही नेस्तोरीकाकांपर्यंत पोचला होतात ना?’’ साइमी रागावून बोलत होती. घाबरली की ती रागवायची. ‘‘तिथून परत कशाला निघालात? अंधार पडत होता. थंडी चढत होती. त्यांच्याकडे शिरायचं, चुलीपाशी बसायचं.’’

तूरेनं सुरी मिटली.

‘‘नेस्तोरी घरी नव्हता,’’ तो म्हणाला. ‘‘दाराला खराटा होता.’’

साइमीनं मान हलवली. तिच्यासाठी तेवढं पुरेसं होतं. तिनं स्लेजवरची कातडी आणायला म्हणून दार उघडलं, आणि नेस्तोरी बाजूला झाला असता तर ती बाहेर गेली असती. तो बाजूला झाला नाही.

‘‘होतो,’’ तो म्हणाला.

‘‘काय होतात?’’

‘‘घरी होतो. आत बसून सूप खात होतो. हा उभा राहिलेला ऐकला. खोकलेला ऐकला. नऊ मिनिटं उभा होता, घड्याळात बघितलं मी.’’

साइमीचा हात कडीवर तसाच राहिला. बाहेरची थंडी वाफ होऊन जमिनीलगत आत येत होती आणि कोणी दार लाव म्हणालं नाही. मग ती फक्त म्हणाली, ‘‘मी पण आज त्यांच्या दारात पंधरा मिनिटं उभी होते,’’ आणि कातडी आणायला गेली.

दोघं म्हातारे राहिले.

‘‘ठाऊक आहे,’’ तूरे म्हणाला. ‘‘धूर निघत होता तुझा. कांद्याचा वास येत होता.’’

‘‘मग शिरला का नाहीस? लाथ मारायची दाराला. पाय होते तेव्हा.’’

‘‘तूही शिरला नव्हतास.’’

नेस्तोरी खाली बसला. बाक नव्हतंच, जमिनीवर बसला.

‘‘तुला कळलं होतं?’’

‘‘संध्याकाळी दार उघडलं तर दारात पावलं. एकाच जागी तुडवून तुडवून खळगा पडला होता. तासभर तरी उभा असशील. मग पुढच्या महिन्यात साइमीचा बाप बोलला, नेस्तोरीचा भाऊ गेला म्हणून. तारीख जुळवली.’’

‘‘आणि आला नाहीस.’’

‘‘लाज वाटली.’’

‘‘अकरा वर्षं?’’

तूरे खोकला. दोन टप्पे, दुसरा मोठा. ‘‘पहिलं वर्षभर लाज,’’ तो म्हणाला. ‘‘मग सवय झाली.’’

साइमी कातडी घेऊन आली. दोघांनी मिळून तूरेला उचललं. तो अगदी हलका झाला होता. स्लेजवर त्याला निजवून नेस्तोरीनं कडा आत खोचल्या, दोऱ्या आवळल्या, एक गाठ सोडून पुन्हा बांधली. गाव चाळीस किलोमीटर. तिथून रुग्णालयाची गाडी. साइमीनं नेस्तोरीला एका बाजूला घेऊन हळूच सांगितलं की डावा पाय जाईल, उजव्याचं सांगता येत नाही, आणि अशा माणसाला पंचायत परत इकडे पाठवत नसते. नेस्तोरीनं मान हलवली. त्याला स्वतःचंही त्याच वेळी कळलं. चौदा किलोमीटरवर आता कोणी राहणार नव्हतं.

‘‘साइमी,’’ स्लेजवरून तूरेनं हाक मारली. ‘‘शुक्रवार ना आज तुमचा? कागद घेऊन जायचे असतील.’’

त्यानं कोटाच्या आत हात घातला, बराच वेळ चाचपडला आणि घडी केलेला कागद काढला. घडीच्या कडा ओल्या होऊन वाळल्या होत्या. शेजाऱ्याच्या नावाच्या जागी पेन्सिलीनं नेस्तोरीचं नाव लिहिलेलं होतं, ठळक, दोनदा गिरवून. पुढे सहीची जागा रिकामी होती.

‘‘तेवढ्यासाठी आलो होतो,’’ तूरे म्हणाला. ‘‘करतोस?’’

साइमीनं तोंड फिरवलं आणि मोटारीच्या पेट्रोलचं झाकण तपासू लागली. झाकण घट्टच होतं. मग ती परत आली, पेन काढलं, शाई गोठली होती म्हणून ते तोंडात धरून तापवलं, आणि नेस्तोरीपुढे आपली पाठ केली. तिच्या पाठीवर कागद ठेवून त्यानं सही केली. उघड्या हाताची बोटं वळत नव्हती. शेवटचं अक्षर ओळीच्या खाली उतरलं. आठवड्यातून एकदा येऊन बघून जाईन, असं सहीच्या वर छापलं होतं. ते त्यानं पूर्ण वाचलं.

‘‘आता तुझा दे,’’ तूरे म्हणाला. ‘‘माझा हात अजून चालतो.’’

‘‘माझा घरी राहिला. फळीवर.’’

‘‘तुझं हे असंच. बरं, पुढच्या खेपेला घेऊन ये.’’

‘‘आणतो,’’ नेस्तोरी म्हणाला.

साइमीनं दोरी ओढून इंजिन सुरू केलं. ती म्हणाली, मागे बसा काका, घरी सोडते आधी. तो नको म्हणाला. उजेड आहे तोवर याला ने, मला उद्या इथूनच उचल. गाडी काठाकाठानं गेली आणि वळणापलीकडे आवाजही कमी होत गेला. नेस्तोरी झोपडीत आला. चूल अजून जळत होती. त्यानं स्लेजवरून उतरवून ठेवलेली कुऱ्हाड घेतली, मागच्या बाजूला वाळून उभं असलेलं पाइनचं झाड पाडलं आणि पुढच्या माणसासाठी लाकडं फोडायला लागला. अंधार पडला तरी तो फोडत होता, आणि रचलेला ढीग चार माणसांना महिनाभर पुरला असता.